पिकअपच्या हौद्यातला गंज झाकू नका, खरवडा

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



तांबेरा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उसाचे पान येते. पानाच्या खालच्या अंगाला तांबूस-तपकिरी पुळ्या, आणि बोट फिरवले की बोटाला लागणारी भुकटी. तो बुरशीचा रोग आहे आणि त्यावर मी या पत्रकातून पुष्कळदा लिहिले आहे. आज ज्या तांबूस भुकटीबद्दल लिहायचे आहे ती पानावरची नाही, पत्र्यावरची आहे. आपल्या दारात उभ्या असलेल्या पिकअपच्या हौद्यातला गंज, हा आजचा विषय.

कोणी म्हणेल, ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी यावर बोलावे, गाडीच्या पत्र्याशी त्याला काय देणेघेणे? शंका रास्त आहे. पण रोपवाटिकेतून रोपांचे ट्रे न्यायला, खताची पोती न्यायला, पलीकडच्या गावाहून बेणे आणायला आता बैलगाडी येत नाही, पिकअप येते. आणि त्या पिकअपचा हप्ता बहुतेक घरांत उसाच्या बिलातूनच जातो. एकरी दोन टन जादा पिकवा म्हणून आम्ही घसा कोरडा करायचा आणि ते दोन टनांचे पैसे हौद्याच्या भोकातून गळून जायचे, हे मला तरी बघवत नाही. म्हणून हा लेख.

माझे मत आधीच सांगून टाकतो. वरवरचा गंज हे गॅरेजचे काम नाही, मालकाचे आहे. दोन दिवसांची मेहनत आणि दोन हजारांच्या आतबाहेर खर्च, एवढ्यात ते उरकते. आणि जो मालक गंजावर मॅट टाकतो किंवा नुसता रंग फासतो, तो पैसे वाचवत नाही, नुकसान वाढवून पुढच्या सालावर ढकलतो.

हे मत पुस्तकातून आलेले नाही. आपल्याच एका सभासदांच्या दारात ते पक्के झाले. त्यांचे नाव छापत नाही, तात्या म्हणू. मुलाला नोकरी लागेना म्हणून तात्यांनी जुनी पिकअप घेतली. मुलगा कष्टाळू. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी भाजीपाल्याचे भाडे, हंगामात बेण्याच्या मोळ्या, असे त्याने बसवले. तीन वर्षांपूर्वी रोपांचे ट्रे भरताना मी हौद्यात चढलो तर पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत रंग फुगलेला दिसला. नखाने टोकरला तर खाली तांबडी भुकटी. मी म्हटले, "तात्या, उन्हाळा आहे तोवर एवढं घासून घ्या." तात्या हसले. "सायेब, गंज काय आजचा हाय व्हय? चालतंय की."

आमच्या भागात "चालतंय की" या दोन शब्दांवर किती घरे उभी आहेत आणि किती बसली आहेत, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. असो.

मुलाला मात्र ते बरे दिसेना. भाडेवाले गाडीचा हौदा बघतात. त्याने जाड रबरी मॅट आणून तळावर अंथरली. वरून गाडी कशी ठाकठीक. दोन पावसाळे गेले. गेल्या वर्षी घरची गाभण म्हैस आजारी पडली म्हणून तालुक्याला दवाखान्यात न्यायला हौद्यात चढवली. वाटेत खड्ड्यात गाडी आदळली आणि म्हशीचा मागचा पाय मॅट फाडून, पत्रा फाडून खाली गेला. चौघांनी धरून पाय काढला. हाड मोडले नाही हे नशीब, पण कातडी खुरापर्यंत सोलून निघाली. म्हैस वाचली, पण गाभडली आणि ते वेत वाया गेले. मॅट उचलली तेव्हा तळाचा पत्रा चाळणीसारखा झालेला. नवा तळ, पुढच्या भिंतीचा खालचा भाग, वेल्डिंग आणि रंग मिळून गॅरेजवाल्याने अठ्ठावीस हजार सांगितले. आणि गॅरेजवाल्याने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. पत्र्याचा आणि मजुरीचा भाव तोच आहे.

तीन वर्षांपूर्वीचे ते दोन कोपरे, आणि आताचे अठ्ठावीस हजार.

आता आपल्याच गाड्यांना गंज एवढा लवकर का चढतो ते बघू. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. रंग शाबूत आहे तोवर ती दोघे पत्र्यापर्यंत पोचत नाहीत. पोत्याखाली खडा घासला, कुदळीचे टोक लागले की रंगाला ओरखडा पडतो आणि तिथून सुरुवात होते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आजूबाजूचा रंग आतून उचलतो. आपल्याला वर दिसतो तांदळाएवढा फोड, आणि रंगाखाली तो रुपयाएवढा पसरलेला असतो.

हे सगळ्याच गाड्यांचे झाले. शेतकऱ्याच्या गाडीत त्यावर आणखी भर पडते. आपण पोटॅश म्हणून जे खत नेतो, ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. वजनाने त्यात जवळजवळ निम्मे क्लोराईडच असते. कोकणात समुद्राकाठी खिडकीचे गज लवकर खातात, ते याच क्लोराईडपायी. एक पोते फाटले, मूठभर पोटॅश पन्हळीत सांडले आणि त्यावर दव पडले की समुद्राकाठ आपल्या हौद्यात आला म्हणून समजा. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो, त्यामुळे जिथे युरिया सांडतो ती जागा वाळतच नाही. ओले शेणखत, प्रेसमड यांची तीच तऱ्हा. बेण्याच्या कापलेल्या टोकांतून रस गळतो, तो चिकटतो, आंबतो आणि आंबला की त्याचे आम्ल होते. शिवाय आपली काळी माती! ओल धरून ठेवणे हा तिचा गुण शेतात कामाचा, पण हौद्याच्या सांध्यात तीच माती महिनाभर ओली चिंधी बांधल्यासारखी बसते.

इथे आमच्या विभागाचीही चूक कबूल करतो. फाटकी पोती गोदामातून तशीच गाडीत टाकली जातात. "घेऊन जावा, काय होतंय" म्हणणारे आमचेच लोक असतात. फाटके पोते बदलून मागणे हा सभासदाचा हक्क आहे. खत कमी भरते हे एक कारण, गाडी खराब होते हे दुसरे.

आणि ज्यांच्या गाड्या २०१९ च्या ऑगस्टमधल्या किंवा २०२१ च्या जुलैमधल्या महापुरात बुडाल्या होत्या, त्यांनी जास्त सावध असावे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी पुराचा गाळ हौद्याच्या दुहेरी बाजूंत आणि खालच्या आडव्या पट्ट्यांत जाऊन बसला. वरून धुतलेली गाडी आतून धुतली गेलेली नसते. असल्या गाडीचा गंज आतून बाहेर येतो आणि बाहेर दिसतो तेव्हा पत्रा निम्मा संपलेला असतो.

आता गंज वरवरचा की खोलवरचा, हे ओळखायचे कसे? याला यंत्र लागत नाही. एक स्क्रू-ड्रायव्हर, एक छोटी हातोडी आणि दिवसाउजेड पुरे. गाडी रिकामी करा, झाडून घ्या, मॅट असेल तर उचला. जिथे डाग दिसतो तिथे चिंधीने घासा. नुसती पिवळी-तांबडी भुकटी निघाली आणि खाली पत्रा कडक असेल तर तो वरवरचा गंज. पापुद्रे सुटत असतील तर मधली अवस्था. असे पापुद्रे काढून स्क्रू-ड्रायव्हरचे टोक जोर देऊन दाबून बघा. टोक रुतत नसेल तर अजून आपले काम आहे. टोक रुतले, पत्रा लवला किंवा भोक पडले, तर तिथे घासण्यात अर्थ नाही, तो तुकडा कापून नवा जोडावा लागेल. हातोडी हलकेच मारून कान द्या. चांगला पत्रा ठणकतो, कुजका पत्रा भदभद वाजतो. उसाच्या कांडीला टिचकी मारून पोकळ की भरीव हे ज्याला कळते, त्याला हा फरक शिकवावा लागत नाही.

मग गाडीखाली वाका. हे काम आपण करत नाही, कारण पाठ दुखते. हौद्याखालचे आडवे आधार आणि चॅसी यांना पापुद्रे सुटलेले दिसले तर ते घरी करायचे काम नव्हे. सगळा बोजा त्यांच्यावर असतो. तिथे चांगल्या वेल्डरला दाखवा आणि पैशाकडे बघू नका.

गंज कुठे शोधायचा तेही सांगतो, कारण तो आपण बघतो तिथे नसतो. मधला भाग पोत्यांनी घासून चकचकीत असतो, त्याची काळजी कमी. पुढच्या भिंतीचे दोन कोपरे, तळाच्या पन्हळी, बोल्टच्या डोक्यांभोवतीचा गोल, फाळक्याच्या बिजागऱ्या आणि जिथे दोन पत्रे एकमेकांवर जोडले आहेत तो सांधा, या त्याच्या जागा. पाणी निघून जायला हौद्याला भोके ठेवलेली असतात. दहांतल्या किती गाड्यांची ती भोके मोकळी सापडतील याची मला शंका आहे. पाचट आणि चिखल यांचा असा बूच बसतो की तारेने टोकरून काढावा लागतो. मी तर म्हणेन, ज्याला बाकी काही करायचे नसेल त्याने आज निदान ती भोके मोकळी करावीत.

आता प्रत्यक्ष काम. आमच्या रोपवाटिकेच्या पिकअपचा हौदा मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिघांनी केला: ड्रायव्हर, एक मदतनीस आणि मी. त्याआधीच्या वर्षी एकदा केला होता आणि तो पार फसला होता. फसला तो माझ्या घाईने. दिवसभर घासले, पत्रा पांढरा केला, संध्याकाळ झाली म्हणून प्रायमर दुसऱ्या दिवसावर टाकला. रात्री वळवाची सर आली. सकाळी सगळ्या हौद्यावर तांबूस झाक. मी म्हटले, एवढ्याने काय होतंय, आणि त्यावरच प्रायमर ओढला. तीन महिन्यांत पापुद्रे निघाले. म्हणजे "चालतंय की" म्हणणाऱ्यांत मीही आलोच. तेव्हा पहिला नियम हा की जेवढे आज प्रायमरने झाकता येईल तेवढेच आज घासायचे. उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. निम्मा हौदा आज, निम्मा उद्या, असे चालते.

प्रथम कोरडे झाडून घ्या, मग साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. सांध्यात पाणी राहते, म्हणून सकाळी धुऊन दुपारपर्यंत फाळका उघडा टाकून ठेवावे. तेलकट, ग्रीसचे डाग असतील तर चिंधी थिनरमध्ये भिजवून पुसा. हे घासण्याच्या आधी करायचे, नाहीतर पॉलिश पेपर तेच तेल सगळीकडे पसरवतो.

मग सुटे पापुद्रे जुन्या पटाशीने किंवा खरप्याने काढा आणि तारेच्या ब्रशने घासा. ग्राइंडरला लावायचा तारेचा गोल ब्रश मिळतो, त्याने काम झपाट्याने होते. पण त्यातून तारांचे तुकडे सुईसारखे उडतात. डोळ्याला चष्मा आणि नाकाला मास्क असल्याशिवाय ग्राइंडर चालू करू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते, ती धूळ पोरांनी श्वासात घ्यायची नाही, सबब पोरांना लांब ठेवा. त्यानंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर, आणि शेवटी १२० किंवा १८० नंबरचा. डागापुरते घासून थांबू नका. डागाच्या भोवती दोन बोटे चांगला रंगही घासा, म्हणजे जुन्या रंगाची कड बोटाला लागणार नाही अशी उतरती होईल. कड उभी राहिली की नवा रंग तिथूनच सुटतो, आणि रंगाखाली लपलेला गंजही या दोन बोटांतच सापडतो.

एवढे घासूनही बारीक खळग्यांत काळे-तांबडे ठिपके राहतात. ते शंभर टक्के निघत नाहीत आणि त्यासाठी पत्रा झिजवत बसू नये. तिथे गंजावर लावायचे तयार द्रावण हार्डवेअरच्या दुकानात मिळते. बहुतेक द्रावणांत फॉस्फोरिक अ‍ॅसिड असते. ते गंजाचे लोहफॉस्फेट करते, आणि ते पत्र्याला चिकटून राहते. डब्यावर लिहिले असेल तेवढेच, हातमोजे घालून, ठिपक्यांपुरते लावा. धुवायला सांगितले असेल तर धुवा, वाळवा. आपल्या कारखान्यातही रस स्वच्छ करताना फॉस्फोरिक अ‍ॅसिड वापरतात हे काही सभासदांना ठाऊक आहे. म्हणून कोणी ओळखीच्या कामगाराकडे बाटली मागू नये! ते तीव्र असते, हात भाजतो आणि मागणारा व देणारा दोघेही अडचणीत येतात.

मळीबद्दलही विचारतात, तर सांगतो. मळीने गंज निघतो, हे खरे आहे. एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी अशा पिंपात गंजलेला सुटा भाग आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवला तर गंज सुटून येतो. जुन्या यंत्रांचे भाग साफ करणारे लोक ही युक्ती वापरतात. पण ती बिजागरी, हूक, साखळी असल्या सुट्या वस्तूंची. हौदा काही पिंपात बुडत नाही. आणि मळीवर अबकारी खात्याचे नियंत्रण असते, कारखान्यातून डबा भरून न्यायची ती वस्तू नव्हे. कोणाकडे जनावरांच्या खाद्यासाठी रीतसर आणलेली असेल तर त्याने बिजागऱ्यांवर प्रयोग करून बघावा. वास मात्र आठवडाभर शेजाऱ्यांनाही येतो.

आता प्रायमर. घासलेला भाग थिनरच्या स्वच्छ चिंधीने पुसा, वाळू द्या आणि लगेच रेड ऑक्साईड प्रायमरचा पातळ हात द्या. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन हात बरे. जाड हात वरून सुकतो आणि आत ओला राहतो. बोल्टभोवती आणि सांध्यात ब्रश टोचून टोचून भरा. वेळ सकाळची धरा. एप्रिल-मेच्या दुपारी पत्रा एवढा तापतो की रंग ब्रशखालीच सुकतो, नीट पसरत नाही आणि फोड येतात.

इथे पुष्कळ जण थांबतात, आणि इथेच सगळी मेहनत वाया जाते. तांबडा प्रायमर मारला की झाले, असे समजून वर्षभर गाडी तशीच पळवली जाते. वास्तविक नुसता प्रायमर पाणी अडवत नाही. तो सच्छिद्र असतो, त्याचे काम वरच्या रंगाला पत्र्याशी धरून ठेवणे हे आहे. त्यावर ऑइल पेंटचे दोन हात दिलेच पाहिजेत. रंग कोणता हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. आम्ही काळा दिला, कारण तो स्वस्तात मिळाला. रंग हाताला सुकलेला लागला तरी पक्का व्हायला आठवडा लागतो. तेवढे दिवस पोती भरू नका. कॅनच्या कडा ओल्या रंगात रुतल्या तर पुन्हा पहिल्यापासून आले.

खर्च विचाराल तर नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद तळ आणि आतल्या बाजू धरून आम्हाला प्रायमर दोन लिटर आणि रंग दोन लिटर लागला. थिनर, पॉलिश पेपर, दोन ब्रश, चष्मा, मास्क आणि ती द्रावणाची छोटी बाटली सगळे मिळून दोन हजारांवर थोडे गेले. ग्राइंडर वर्कशॉपचा होता. तो नसता तर हाताने आणखी एक दिवस गेला असता, एवढेच. सगळ्या हौद्याला गंज नसेल आणि दोन कोपरेच करायचे असतील तर पाचशेत भागते.

जळक्या ऑइलचाही एक पंथ आहे. पावसाळ्याआधी इंजिनचे जळके ऑइल हौद्यात फासून मोकळे. त्याने काही आठवडे पाणी अडते, हे मी नाकारत नाही. पण त्याच हौद्यात आपण जोंधळ्याची पोती, भाजी आणि वैरण नेतो. धुतले की ते तेल अंगणात, ओढ्यात जाते. आणि पुढे कधी रंग द्यायचा म्हटले तर तेल पिलेल्या सांध्यावर रंग धरत नाही. मला हा पंथ मान्य नाही.

त्याहून मोठा पंथ खंडेनवमीचा. वर्षभर हौद्याकडे बघायचे नाही आणि पूजेच्या आदल्या दिवशी गंजावरच रंग ओढून हार घालायचा. पूजा अवश्य करावी. पण त्या दिवसांत नुकताच पाऊस सरलेला असतो, सांध्यांत ओल असते, आणि गंजावर रंग म्हणजे कुजलेल्या कांडीला बेणेप्रक्रिया. औषध चांगले असेल, पण उगवणार काय? हे काम गळीत हंगाम संपल्यानंतर, अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे, वळीव यायच्या आत करावे. त्या वेळी गाडीला कामही कमी असते.

मॅटविषयी माझे म्हणणे असे की चांगल्या पत्र्यावर मॅट टाकायला हरकत नाही, ओरखडे कमी पडतात. पण आठवड्याला ती उचलून खालचे झाडले पाहिजे आणि पावसात भिजली तर काढून दोन्ही बाजूंनी वाळवली पाहिजे. हे ज्याच्याने होणार नाही त्याने मॅट घेऊ नये. उघड्या हौद्यातले पाणी निदान उन्हाने वाळते. खत नेताना पोत्यांखाली ताडपत्री टाका. उतरवल्यावर आधी कोरडे झाडा, मग धुवा. आधी पाणी मारले तर पोटॅश विरघळून थेट सांध्यात उतरते. रात्री गाडी लावताना तोंड जरा चढाकडे आणि फाळका उघडा ठेवला तर पाणी आपोआप मागून निघून जाते. याला पैसा लागत नाही.

शेवटी कारखान्याने यात काय करावे? माझी सूचना आहे की दरवर्षी हंगाम संपल्यावर प्रत्येक गट ऑफिसला एका रविवारी वर्कशॉपच्या फिटरांनी एक हौदा सर्वांसमोर करून दाखवावा. प्रायमर आणि रंग घाऊक आणून मूळ किमतीत द्यावा. मात्र तो रोखीने द्यावा, बिलातून कपात करून नाही. बिलाच्या पट्टीवर कपातीच्या ओळी आधीच एवढ्या आहेत की त्यात आणखी एक वाढवायची सूचना माझ्या हातून होणार नाही. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, कपात केली नाही तर कोणी घेणार नाही. मला वाटते, पाचशे रुपयांच्या कामाला उधारी लागली की माणूस ते काम आपले समजत नाही. सभासदांनी आपले मत गट ऑफिसला जरूर कळवावे.

तात्यांच्या मुलाने नवा तळ टाकून घेतला. पैसे गॅरेजवाल्याला तीन हप्त्यांत दिले. वेल्डिंगच्या रेघांवरचे प्रायमर आणि रंगाचे काम मात्र त्याने गॅरेजवर सोडले नाही, घरी स्वतः केले, आणि मला बोलावून दाखवले. वाकून खालूनही बघितले, ठीक आहे. फाटलेली रबरी मॅट त्याने टाकून दिलेली नाही. ठिगळ लावून गोठ्यात म्हशीखाली अंथरली आहे.